वलंदेज नसलेली वलंदेज बाई

वेंगुर्ल्याला वलंदेजांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. डचांना आपल्याकडे वलंदेज म्हणत, आणि शिवकाळाच्या पुस्तकात ते येतात ते इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच या टोपीकरांच्या रांगेतले एक म्हणून. वेंगुर्ल्याची वखार १६३० च्या दशकात उघडली. त्याच सुमारास, आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथे, दुसरी एक वलंदेज कंपनी प्राण्यांची कातडी गोळा करत बसली होती. त्या कंपनीच्या जिवावर आणि तिच्या जाचाखाली जी माणसं तिथे राहिली, त्यांतल्या एका बाईची ही गोष्ट आहे. तिचं नाव कातालिना ट्रिको.

आधी कंपन्यांचा घोळ सोडवू. वलंदेजांच्या मोठ्या कंपन्या दोन होत्या. पहिली १६०२ ची, पूर्वेकडच्या व्यापाराची. वेंगुर्ल्याची वखार तिची. दुसरी १६२१ ची, पश्चिमेकडची, म्हणजे अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांची. गंमत अशी, की अमेरिकेतली ती जागा दुसऱ्या कंपनीला पहिलीमुळेच सापडली. १६०९ मध्ये पूर्वेकडच्या कंपनीने हेन्री हडसन नावाच्या इंग्रज खलाशाला आशियाकडे जायचा जवळचा रस्ता शोधायला धाडलं. रस्ता काही मिळाला नाही. एक रुंद नदी मिळाली आणि तिच्या काठाने बीव्हर. पाण्यात बांध घालून राहणारा हा केसाळ प्राणी. त्याच्या लोकरीचं नमदं, म्हणजे दाबून घट्ट केलेलं कापड, फार उत्तम होतं आणि युरोपातल्या श्रीमंतांना त्याच नमद्याच्या टोप्या हव्या असायच्या.

आता प्रश्न असा, की कातड्याच्या धंद्याला बायकापोरं कशाला लागतात? वखारीला कारकून, शिपाई आणि तराजू पुरतो. वेंगुर्ल्यात वलंदेजांनी कुणाला नांगर धरायला आणलं नव्हतं. पण हडसनच्या खोऱ्यावर इंग्रजांचाही डोळा होता. एखादा मुलूख आपला म्हणायचा तर तिथे आपली माणसं नांदती दिसली पाहिजेत, असा वलंदेजांचा युक्तिवाद होता. थोडक्यात, कसेल त्याची जमीन. म्हणून कंपनीला कुटुंबं हवी होती. शेती पिकेल न पिकेल, घरातून धूर निघताना दिसला पाहिजे.

ती मिळणंच कठीण होतं. त्या काळी हॉलंडमध्ये हाताला काम होतं, पोटाला भाकरी होती; जंगलात जाऊन राहायला कोण तयार होणार? तयार झाले ते निर्वासित. आजच्या बेल्जियमचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला फ्रान्सचा पट्टा तेव्हा कॅथलिक स्पेनच्या ताब्यात होता. तिथले फ्रेंच बोलणारे प्रॉटेस्टंट लोक छळाला कंटाळून हॉलंडात येऊन राहिले होते. त्यांना वलून म्हणतात. नाव वलंदेजसारखं वाटतं, पण ही माणसं वेगळी, भाषा वेगळी. अमेरिकेतल्या डच वसाहतीत पहिल्यांदा उतरलेल्या कुटुंबांपैकी बरीचशी वलूनच होती. कातालिनाही वलून. म्हणजे ज्या बाईकडे आपण डच वसाहतीची आदिमाता म्हणून बघतो, ती डच नव्हतीच.

तिचा जन्म १६०५ च्या सुमाराचा, गाव प्रिश, आजच्या उत्तर फ्रान्समधलं. २१ जानेवारी १६२४ ला ॲमस्टरडॅमच्या वलून चर्चमध्ये तिचं लग्न लागलं. नवरा योरिस रापाल्ये, व्हालांसियेनचा, वय १९, धंदा विणकामाचा. ती १८ वर्षांची. आईवडील नाहीत, लग्नाच्या नोंदीत तिच्या बाजूने उभी आहे ती तिची बहीण. सही दोघांनाही येत नव्हती, दोघांनी खूण केली. आणि लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांचं जहाज निघालं. जहाजाचं नाव एन्द्राख्त, म्हणजे एकजूट.

आपल्याकडे मांडव उतरवायलासुद्धा चार दिवस लागतात. हे दोघं तेवढ्यात देश सोडून निघाले. घाई प्रेमाची होती की कराराची, नोंद त्याबद्दल काही बोलत नाही. मला आपलं वाटतं, कंपनीला जोडपी हवी होती हे दोघांनाही ठाऊक असावं.

करार समजून घेण्यासारखा आहे. जाण्याचा खर्च कंपनीचा, जमीन फुकट. बदल्यात सहा वर्षं तिथे राहायचं, कंपनी सांगेल तिथे राहायचं, सांगेल ते पेरायचं. कातडी मिळवली तर विकायची कंपनीलाच, तीही कंपनी ठरवेल त्या भावाने. मालक तीच, गिऱ्हाईक तीच, दुकानदार तीच आणि न्यायाधीशही तीच. ऊस तोडणीच्या मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाला हे फारसं समजावून सांगावं लागणार नाही. त्यात एक क्रूर विनोद पुढे १६२९ मध्ये आला. कंपनीच्या नव्या नियमांत वसाहतवाल्यांना लोकरीचं, तागाचं, सुती, कुठलंच कापड विणायला मनाई झाली. विणलं तर हद्दपारी. हॉलंडातल्या मागांचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. योरिस तर विणकर! हातातली एकुलती एक कला त्याने महासागरापलीकडे नेली ती तिथे गुन्हा ठरण्यासाठी.

जहाज पोचल्यावर कंपनीने माणसं एकत्र ठेवली नाहीत. मूठभर दाणे लांबवर फेकावेत तशी ती तीन नद्यांवर विखुरली. कातालिनानेच म्हातारपणी सांगितलं आहे, की दोन कुटुंबं आणि सहा पुरुष कनेटिकट नदीकडे धाडले, काही डेलावेअर नदीकडे, आठ माणसं आजच्या न्यूयॉर्कच्या जागी ताबा ठेवायला. उरलेली अठराएक कुटुंबं हडसन नदीने वर, फोर्ट ऑरेंजला. तिथे आज ऑल्बनी शहर आहे. कातालिना आणि योरिस त्यांतलेच.

तिथे गेल्यावर राहायला काय होतं? झाडाच्या सालींच्या झोपड्या, असं ती सांगते. या पहिल्या घरांचं जरा नीट वर्णन दुसऱ्या एका कागदात मिळतं. १६५० मध्ये वसाहतीच्या सचिवाने नव्याने येणाऱ्यांना जी माहिती दिली, त्यात तो म्हणतो: सहासात फूट खोल चौकोनी खड्डा खणावा, तळघरासारखा. आतून चारी बाजूंनी लाकूड लावावं, लाकडावर झाडाची साल, म्हणजे माती ढासळत नाही. खाली फळ्या. वर वाशांचं छप्पर, त्यावर साल किंवा हिरवळीसकट कापलेले मातीचे तुकडे. अशा घरात कुटुंब दोन, तीन, चार वर्षं कोरडं आणि उबेत राहू शकतं. पहिल्या पिढीतल्या कित्येकांचे संसार असे जमिनीखालीच सुरू झाले. पवनचक्क्या आणि पायऱ्यापायऱ्यांची उतरती कौलारू घरं आपण चित्रात बघतो, ती नंतरची.

९ जून १६२५ ला फोर्ट ऑरेंजला कातालिनाला मुलगी झाली, सारा. वसाहतीत जन्मलेली युरोपीय लोकांची पहिली मुलगी. ह्या पहिलेपणाचा उपयोग पुढे साराने चांगला करून घेतला. १६५६ मध्ये ती विधवा होती, पदरी सात मुलं होती. तिने सरकारकडे आणखी थोडं कुरण मागितलं. अर्जात स्वतःची ओळख काय दिली? ‘न्यू नेदरलंडमध्ये जन्मलेली पहिली ख्रिस्ती कन्या.’ अर्ज कसा लिहावा हे बाईंना समजत होतं.

सारा जन्मली त्याच वर्षी ढोरं आली, आणि ती आली तो थाट माणसांना मिळाला नव्हता. घोडे आणि गाईबैल मिळून १०३, शिवाय मेंढ्या आणि डुकरं. प्रत्येकाला जहाजावर स्वतंत्र खण, खाली वाळूचा थर, आणि जनावर जिवंत पोचवलं तर बक्षीस अशा बोलीने नेमलेला राखणदार. वाटेत दोनच मेली. पोचल्यावर मात्र कुठलंसं विषारी गवत खाऊन वीसेक गेली. नवी जमीन म्हणजे काय, हे त्या गाईंना माणसांच्या आधी समजलं म्हणायचं.

आता कातडी आणि पैसा. १६२६ च्या शरद ऋतूत वसाहतीतून ॲमस्टरडॅमला एक जहाज परत आलं. ५ नोव्हेंबरला पीटर स्खाखेन नावाच्या अधिकाऱ्याने त्याबद्दल सरकारला छोटंसं पत्र लिहिलं. त्यात एका ओळीत आहे, की आपल्या लोकांनी मॅनहॅटन बेट तिथल्या रहिवाशांकडून ६० गिल्डर किमतीला विकत घेतलं. बायकांना तिकडे मुलंही झाली आहेत, असंही आहे. त्यांत आपली सारा आली. त्याच पत्रात मालाची यादी आहे: बीव्हरची ७,२४६ कातडी, शिवाय पाणमांजर, मिंक, रानमांजर वगैरे. पुढच्या काळात वसाहतीत एका बीव्हरचा हिशेब आठ गिल्डर धरत. त्या भावाने अख्खं मॅनहॅटन साडेसात कातड्यांना पडलं, आणि जहाजात तर सात हजारांवर होती.

‘फसवून घेतलं’ असं आपण चटकन म्हणतो. पण तिथे खरं काय झालं असेल, हे मराठी माणसाला आपल्याच दोन शब्दांत समजतं: मालकी आणि वहिवाट. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे लेनापे लोकांच्या दृष्टीने जमीन ही वहिवाटीची गोष्ट होती. शिकार करा, मासे धरा, मका लावा, आम्हीही येऊ-जाऊ, देणंघेणं झालं म्हणजे सोयरीक झाली. वलंदेजांच्या लेखी ते खरेदीखत होतं: सही झाली, आता बाहेर व्हा. एकाच व्यवहाराचे दोन कागद, आणि त्यांतला एकच लिहिलेला. लेनापे पुन्हा त्याच जमिनीवर आले की वलंदेज म्हणायचे, हे विकून परत आले. वलंदेजांची डुकरं मोकाट सुटून लेनाप्यांचा मका खायची, तेव्हा लेनाप्यांना काय वाटत असेल ते निराळं सांगायला नको.

रोजच्या व्यवहारात नाणी जवळजवळ नव्हतीच. चालायची ती शिंपल्यांची मण्यांसारखी घडवलेली माळ. वलंदेज तिला सेवांत म्हणत. पांढरे मणी स्वस्त, जांभळे-काळे महाग. आपल्याकडच्या कवडीसारखंच, आणि ‘फुटकी कवडी’ हे दुखणंही तसंच: न ओवलेले, फुटके, भोक न पाडलेले मणी बाजारात खपवले जाऊ लागले, आणि सरकारला वारंवार भाव ठरवून द्यावे लागले. १६५० मध्ये ठरलं, सहा पांढरे किंवा तीन काळे मणी म्हणजे एक स्टायव्हर, म्हणजे गिल्डरचा विसावा हिस्सा. चर्चच्या दानपेटीत काय पडत असेल याची कल्पना येते.

कातालिनाच्या घराकडे परत येऊ. १६२६ मध्ये फोर्ट ऑरेंजच्या वलंदेज अंमलदाराने नको त्या भांडणात नाक खुपसलं. महिकन आणि मोहॉक या दोन जमातींचं युद्ध चाललं होतं. हा महिकनांच्या बाजूने गेला आणि आपल्या तीन माणसांसकट मारला गेला. त्यानंतर तिथली कुटुंबं उचलून मॅनहॅटनला आणली गेली. बेटाच्या दक्षिण टोकाला किल्ला, भोवती वस्ती, तिचं नाव न्यू ॲमस्टरडॅम. १६४३ मध्ये तिथून गेलेल्या एका फ्रेंच जेसुइट पाद्र्याला डायरेक्टरने, म्हणजे वसाहतीच्या मुख्य कारभाऱ्याने, सांगितलं, की इथे अठरा भाषा बोलणारी माणसं आहेत. आणि १६४८ च्या एका हुकुमात पीटर स्टायव्हेसंट हा पुढचा डायरेक्टर कुरकुरतो, की गावातली जवळजवळ चौथाई घरं दारूचे गुत्ते झाली आहेत. चारशे वर्षांत त्या बेटाचा स्वभाव फारसा बदललेला दिसत नाही.

या गावाची एक बाजू अशी, की तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. किल्ला, रस्ते, जंगलतोड ही कामं मोठ्या प्रमाणात कंपनीच्या गुलामांनी केली. आफ्रिकन माणसांची पहिली तुकडी १६२० च्या दशकातच आणली गेली. १६४४ मध्ये त्यांतल्या अकराजणांना आणि त्यांच्या बायकांना कंपनीने ‘अर्धी मुक्तता’ दिली. अर्धी म्हणजे अशी: स्वतःची जमीन कसा, पण दर वर्षी तीस मापं धान्य आणि एक लठ्ठ डुक्कर कंपनीला द्या, बोलावलं की कामाला या, आणि तुमची मुलं, जन्मलेली आणि जन्मायची आहेत तीही, कंपनीचीच. फुकट जमीन मिळालेल्या विणकराची आणि या माणसांची घरं एकाच गावात होती.

१६३७ मध्ये योरिसने ईस्ट नदीपलीकडे, लाँग आयलंडवर, लेनाप्यांकडून सुमारे ३३५ एकर जमीन घेतली. एक खाडी, तिच्या काठाला खारी कुरणं, मागे रान. या खाडीला वलंदेज वाल-बोख्त म्हणत. त्याचा अर्थ वलूनांची खाडी असा बरेच जण लावतात. आज ती वॉलबाउट बे. ब्रुकलिनची प्रसिद्ध गोदी तिथेच झाली. पण लगेच कुणी तिथे राहायला गेलं नाही, आणि त्याचं कारण विलेम कीफ्त.

कीफ्त १६३८ मध्ये डायरेक्टर म्हणून आला आणि त्याने लेनाप्यांवर कर बसवायचा घाट घातला: आम्ही तुमचं रक्षण करतो, मका द्या. असलं रक्षण त्यांनी मागितलंच नव्हतं. १६४१ मध्ये एका म्हाताऱ्या गाडी-सुताराचा खून झाला. मारणारा सांगत होता, की लहानपणी माझ्या डोळ्यांदेखत वलंदेजांनी माझ्या काकाला मारलं होतं. कीफ्तला लढाई हवी होती, पण जबाबदारी एकट्याच्या अंगावर नको होती. म्हणून त्याने गावकऱ्यांकडून बारा जण निवडून घेतले. त्यांत योरिस रापाल्ये होता. त्या वसाहतीतली ही पहिली लोकनियुक्त मंडळी. त्यांनी सल्ला दिला, सबुरीने घ्या, आणि तोंड उघडलंच आहे तर म्हणून कारभारातल्या सुधारणाही मागितल्या. कीफ्तने त्यांचे आभार मानले आणि १६४२ मध्ये सभाच मोडीत काढली. खूण करून सही भागवणारा विणकर डायरेक्टरसमोर बसून ‘थांबा’ म्हणू शकला, एवढं मात्र घडलं.

२५ फेब्रुवारी १६४३ च्या रात्री कीफ्तने शिपाई धाडले. दुसऱ्या जमातीच्या भीतीने पळून वलंदेजांच्या आसऱ्याला येऊन राहिलेल्या लेनाप्यांवर ते झोपेत तुटून पडले. हडसन नदीपलीकडे पाव्होनियाला ८०, मॅनहॅटनच्या कॉर्लेअर्स हूकला ४० माणसं मारली, बायकामुलांसकट. हा आकडा एका वलंदेजानेच, तेव्हा किल्ल्यात जागा बसलेल्या डेव्हिड द फ्रीसने लिहून ठेवला आहे. त्यानंतर अडीच वर्षं युद्ध. आडबाजूची शेतं जळाली, लोक किल्ल्याच्या आडोशाला पळून आले. बारांपैकी तिघांनी हल्ल्याच्या मागणीवर सह्या केल्या होत्या; त्यांत योरिस नव्हता.

रापाल्ये कुटुंब खाडीकाठी कायमचं राहायला गेलं ते १६५५ च्या सुमारास. तोवर कातालिनाची अकरा मुलं झाली होती, पहिलं १६२५ चं, शेवटचं १६५० चं. योरिस ब्रॉयकेलेन गावचा, म्हणजे आजच्या ब्रुकलिनचा, पंच झाला. १६६२ च्या आसपास तो वारला. जेवणखाण तोवर अर्धं लेनाप्यांचं झालं होतं: मक्याच्या भरडीची घट्ट पेज, तिला सापान म्हणत, वर दूध. आपल्या कण्यांची बहीणच.

नावाचीही एक गोष्ट आहे. वलंदेज कायद्यात लग्नानंतर बाई माहेरचंच नाव लावायची, आणि संसारातल्या मिळकतीत तिचा वाटा असायचा; नवराबायको मिळून मृत्युपत्र करत. शेजारच्या इंग्रज वसाहतींत लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व जवळपास नसायचं. कातालिना शेवटपर्यंत ट्रिकोच राहिली. अगदी इंग्रजांच्या कागदावरसुद्धा.

इंग्रज आले १६६४ मध्ये, चार जहाजं घेऊन. स्टायव्हेसंटला लढायचं होतं. गावातल्या ९३ प्रतिष्ठितांनी त्याला लेखी विनवलं, की शरण जा. गोळी न झाडता गाव गेलं, न्यूयॉर्क झालं. शरणागतीच्या अटींत वलंदेजांची मालमत्ता, धर्म आणि वारसाहक्काच्या रीती राखल्या गेल्या. कंपनीसाठी मरायला कुणी का तयार नव्हतं, हे वरचा करार वाचल्यावर समजतं. १६७३ मध्ये वलंदेजांनी ते परत घेतलं, १६७४ च्या तहात पुन्हा देऊन टाकलं. खाडीकाठच्या म्हातारीच्या दारावरून झेंडे असे बदलत गेले.

१६८० मध्ये, ज्या वर्षी इकडे रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं, यास्पर डांकार्ट्स नावाचा एक कडक धार्मिक प्रवासी तिला भेटायला गेला. त्याने रोजनिशीत तिच्यावर शेरा मारला आहे: बाई फार संसारात गुंतलेली. मुलं, नातवंडं, पतवंडं मिळून तिचा वेल १४५ वर गेला होता, लवकरच १५० होणार होता, आणि तिचा सगळा जीव त्यातच. पण पुढच्याच वाक्यात तो लिहितो, की ही बाई त्यांच्यापासून थोडी बाजूला, एकटी राहते; तिची छोटी बाग आहे, आपलं आपण बघते. साधू माणसाला यात वैराग्य दिसलं नाही, याचं मला नवल वाटतं.

शेवटी शेवटी इंग्रज अधिकाऱ्यांना तिची गरज पडली. नद्यांवर पहिला ताबा कुणाचा, मूळ रहिवाशांशी पहिले करार कुणी केले, या वादांत पहिल्या जहाजावरचं कुणीतरी जिवंत साक्षीला हवं होतं. १६८५ आणि १६८८ मध्ये तिची जबानी घेतली गेली. दुसरी तिच्या घरीच, वॉलबाउटला. साल तिने १६२३ सांगितलं, एकाने चुकलं. फोर्ट ऑरेंजची तीन वर्षं आठवून ती म्हणाली, की तिथले लोक कोकरासारखे शांत होते, मोकळेपणी येत, व्यापार करत. मारल्या गेलेल्या अंमलदाराचा विषय तिने काढला नाही. डेलावेअरबद्दल विचारलं तेव्हा तिला आठवल्या जहाजावर बरोबर असलेल्या चार बायका. चौघींची लग्नं भर समुद्रात लागली होती. तीन आठवडे त्या नवऱ्यांसोबत इथे राहिल्या, मग आणखी आठ खलाशांबरोबर त्यांना डेलावेअरकडे धाडून दिलं.

११ सप्टेंबर १६८९ ला ती वारली. वय ८४.